पाखरांचा वाटा

हिवाळ्याची पिशवी मी कोजागिरीनंतरच्या रविवारी माळ्यावरून काढते. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, तो बघत एकेक वस्तू पिशवीत टाकते. दुर्बीण. तिच्या काचा पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा. थर्मास. कानटोपी. भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. सतरंजी. चिखलात चालतील असे जुने बूट. घरातले हसतात. किराणा, गोळ्या, बिलं, पाहुण्यांची अंथरुणं, सगळ्याच्या याद्या आमच्या घरात कपाटांच्या दारांना आतून चिकटलेल्या असतात. हसू देत. यादी केली की अर्धं काम झालं, असं मी कॉलेजच्या ऑफिसात नव्या मुलींना नेहमी सांगत असे. आता तेवढ्या खात्रीनं सांगत नाही.

यंदाही पिशवी काढली. दुर्बिणीचा पट्टा कडक झाला होता, त्याला तेलाचा हात लावला. थर्मासचं झाकण उघडलं तर आतून मागच्या हिवाळ्याच्या चहाचा कुबट वास आला. तेवढ्यात इकबालभाईंचा फोन. हाही दर वर्षी येतो.

"ताई, आले काय?"

"अजून नाही."

"हां. येतील."

एवढंच. बी.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो. नंतर मी अमरावतीला नोकरीत लागले आणि त्यांनी अकोल्याच्या जुन्या शहरात वडिलांचं घड्याळं अन् चष्मे दुरुस्तीचं दुकान सांभाळलं. माझी दुर्बीण दोनदा हातातून पडली, दोन्ही वेळा त्यांनीच नीट करून दिली. कोण, हे ते सांगत नाहीत आणि मलाही विचारावं लागत नाही. पट्टकदंब. राखाडी अंगाचं, बदकाहून मोठं पाखरू, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळ्या पट्ट्या. उन्हाळ्यात हिमालयापलीकडे असतं, थंडी पडली की डोंगर ओलांडून आमच्या वऱ्हाडातल्या तलावांवर उतरतं. एका तलावावर ते उतरेनासं झालं, त्याला आता दहा-बारा वर्षं होत आली. 'अजून नाही' मधला 'अजून' मी तरीही सोडलेला नाही.

वऱ्हाडात हिवाळ्याचे वास ठरलेले. तुरीचा फुलोरा, कपाशीची ओली पऱ्हाटी जाळल्याचा धूर, पहाटेच्या एसटीत बसलेल्या माणसांच्या घोंगड्या. पण पाखरं उतरेनाशी झाली त्या वर्षांत हिवाळ्यालाही फवारणीचा वास होता. खिडकी बंद केली तरी तो नाकात बसायचा, घरी येऊन साडी बदलली तरी जायचा नाही. एसटीत लोक हळू बोलायला लागले होते. आमच्याकडे कुणी हळू बोलत नाही. पलीकडच्या बाकावरच्या माणसाशीही आम्ही शेतात असल्यासारखे बोलतो. त्या वर्षांत मात्र एखाद्या गावाचा फाटा आला की गाडीतला आवाज आपोआप खाली यायचा. कुणीतरी कुणाला तरी हातानंच खूण करायचं, ज्या घरात कुणी औषध प्यायलं होतं त्या घराच्या दिशेनं. मग बाकी सगळे बाहेर बघायचे.

आमचा तलाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला आहे. गावाचं नाव लिहीत नाही; त्या गावाकडे पुष्कळ लोकांनी पुष्कळ कारणांनी बोट दाखवून झालं आहे. इकबालभाई शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याला उतरून बहिणीकडे मुक्काम करायचे, रविवारी पहाटे मी, माझे यजमान आणि ते असे तिघं पहिल्या गाडीनं निघायचो. यजमानांना पक्ष्यांत काडीचा रस नाही. ते बांधावर सतरंजी टाकून कालचा पेपर वाचायचे. आम्ही दोघं गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन काठाकाठानं हिंडायचो.

पट्टकदंब उतरायचे थांबले त्या साली पहिल्याच रविवारी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला थांबवलं. दुर्बिणीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आमच्या गावात कोनी नाई मेलं, बाप्पा. पुढच्या गावात जा."

इकबालभाई म्हणाले, "बाबा, आम्ही पाखरं मोजाले आलो."

"पाखरं?" म्हाताऱ्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मानसं मोजून झाले काय सगळे?"

त्यानं ते टोमणा म्हणून विचारलं की खरंच विचारलं, मला कळलं नाही. आम्ही वही पिशवीत टाकली आणि बांधाकडे चालायला लागलो. त्यानंतर गावातून जाताना मी वही कधी हातात धरली नाही.

पट्टकदंब आधी ऐकू येतात, मग दिसतात. नाकातून काढल्यासारखा तो आवाज लांबून येतो, आपण आकाशात शोधत राहतो, आणि मग एक वाकडी रेघ दिसते. रेघ जवळ येते तशी तिची पाखरं होतात. तलावावर आली की ती दोन चकरा मारतात. कुठे माणूस आहे, कुठे कुत्रं आहे, पाहून घेतात. मग पंख ताठ ठेवून, पाय पुढे काढून एकेक उतरतं. त्यांचं उतरणं मला आवडायचं कारण त्यात घाई नसे. इतक्या लांबून आलेलं कुणीही एवढ्या शांतपणे कसं उतरू शकतं, असं मी इकबालभाईंना विचारायची. ते म्हणायचे, "ओळखीच्या घरी आलं का मानूस असंच बसते, ताई."

ते ओळखीचं घर म्हणजे पंचफुलाबाईंचा गाळपेरा.

गाळपेरा म्हणजे तलाव आटत जातो तशी उघडी पडणारी गाळाची जमीन. दिवाळीनंतर पाणी मागे सरकायला लागतं आणि काठाला काळी, लोण्यासारखी माती उघडी होते. गावातली ज्यांची जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, ती माणसं त्या ओल्या पट्ट्यात गहू-हरभरा पेरतात. त्या चिखलात तिफण चालत नाही, बैल रुततो. म्हणून बी हातानं फेकायचं. दाणा वरच पडतो, अर्धा मातीत जातो, अर्धा उघडा राहतो. खाली ओल असतेच. तेवढ्यावर पीक येतं.

पंचफुलाबाई विधवा होत्या, मुलगा सुरतेला कामाला, घरात सून आणि दोन लहान लेकरं. गाळपेऱ्याचा त्यांचा तुकडा पाण्याला अगदी लागून. पहिल्यांदा आम्ही त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, चाललो तेव्हा त्या ओरडल्या होत्या, "काहून वो, तुमच्या घरी रस्ते नाईत काय?" दुसऱ्या खेपेला त्यांनी चहा दिला. तिसऱ्या खेपेला दुर्बीण मागून घेतली, उलटी धरली, आणि "मायबाई, किती दूर गेले!" म्हणून इतक्या हसल्या की पाण्यातली बदकं उडाली.

त्यांच्याकडे पेरणीची एक रीत होती. गाळपेरा करणाऱ्या साऱ्याच बायका ती पाळत. सगळा तुकडा पेरून झाला की टोपल्यात थोडं बी मुद्दाम राखून ठेवायचं आणि ते पाण्याच्या कडेला, चिखल संपतो तिथे, टाकून द्यायचं. तो पाखरांचा वाटा. "त्यायचा वाटा त्यायले देल्ला का वरचं खात नाईत," पंचफुलाबाई सांगायच्या. ते काही खरं नव्हतं. पाखरं वरच्या पेऱ्यातलंही खायची आणि त्या त्यांना हाकलायच्याही. पण वाटा चुकला नाही.

त्या साली खरीप हातचा गेला. पाऊस आला, बी उगवलं, पाऊस गेला. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. कपाशी गुडघ्याएवढी होऊन लाल पडली. घराघरांतून पुढच्या पेरणीसाठी राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं बी असतं. माणसांनी ते दळून खाल्लं. गाळपेऱ्याची वेळ आली तेव्हा गावात घरचं बी उरलं नव्हतं, दुकानातून आणलं. ज्यांना वर्षभरात दुसरं काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी तो काठावरचा पट्टा हेच सगळं वर्ष होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पंचफुलाबाईंची पेरणी संपत आली होती. साडीचा काचा मारलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, काखेत टोपलं. हात पुढे आला, मूठ उघडली, दाणे पंख्यासारखे पसरले. त्यांचे दोन्ही तळहात गुलाबी झाले होते.

इकबालभाई म्हणाले, "काकू, मेंदी काढली काय? कोनाचं लगन हाय?"

"माहंच हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुमी या जेवाले. फक्त डबा घेऊन या."

सगळे हसलो. सूनही हसली. मग टोपल्याच्या तळाशी थोडं बी उरलं आणि पंचफुलाबाई पाण्याकडे वळल्या तेव्हा सुनेचं हसू गेलं.

"आत्याबाई, यंदा राहू द्या. आपल्यालेच नाई अन् पाखराले कुठून देता?"

पंचफुलाबाई थांबल्या. टोपल्यात पाहिलं. मला वाटलं, परत फिरतील. फिरल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं यंदा काय झालं थे त्यायले काय माईत वो? ते तं भरवशावर आले इतक्या दुरून."

आणि त्यांनी वाटा टाकला. शेवटचे दाणे टोपलं उलटं करून, पाठीवर थाप मारून झाडले. गुलाबी दाणे काळ्या चिखलावर छान दिसत होते. खाली-वर पसरलेल्या सगळ्या तुकड्यांवर बायका तेच करत होत्या. आम्ही बांधावर जाऊन बसलो. पाण्याच्या मध्यावर पट्टकदंब वाट पाहत होते.

पुढच्या रविवारी आवाज आला नाही.

मी आकाशात शोधत होते. इकबालभाईंनी माझा हात धरून खाली केला. काठाच्या चिखलात राखाडी ढिगारे पडले होते. काही पाण्यात होते, लाटेबरोबर कडेला येत आणि परत जात. एक पट्टकदंब उभा होता. तो मान वर उचलायचा, ती हळूहळू एका बाजूला कलायची, मग तो पुन्हा उचलायचा. आम्ही जवळ गेलो तरी उडाला नाही. इकबालभाईंनी एकाची चोच उघडून पाहिली. आत दाणे होते. रंग थोडा फिका पडला होता.

मला रडू आलं नाही. मला यादी सुचली. हातमोजे. चुना. कुदळ. कुत्री हाकलायला माणूस. आणि सगळ्यात आधी, गावात सांगणं, कुणी ही पाखरं खाऊ नका. यजमान पेपर टाकून उठले आणि गावाकडे पळत गेले. मी त्यांना तसं पळताना त्याआधी पाहिलं नव्हतं. देवळाच्या भोंग्यावरून आवाज आला, आमच्या यजमानांचा, धापा टाकत. तलावावरची पाखरं खाऊ नका, विषानं मेली आहेत. दोन-तीनदा तेच.

तरी मी घरोघर गेले. दोन घरांत पिसं काढून झाली होती. एका घरात पातेलं चुलीवर होतं. ती बाई काही वाद न घालता पातेलं उतरवायला उठली. मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "चांगलं दोन पान्यानं धुतलं तं चालन नाई काय वो?"

मी नाही म्हटलं. तिची मुलं दारात उभी होती. मी त्यांच्यासमोरून ते पातेलं उचलून बाहेर नेलं. आयुष्यात बरीच कामं केली, काही अवघड होती. एवढं जड भांडं दुसरं कुठलं उचललं नाही.

पंचफुलाबाई आल्या तेव्हा खड्डा खणून होत आला होता. त्या काठावर उभ्या राहिल्या. कुणी त्यांना काही सांगितलं नाही, पण इकबालभाईंच्या तळहातावर ते दाणे अजून होते आणि त्यांनी ते पाहिले. मग त्यांनी स्वतःचे हात पाहिले. रंग आठवडाभरात गेला होता, नखांच्या कडांना तेवढा राहिला होता.

"दुकानदारानं सांगतलं, औषध लावेल हाय," त्या म्हणाल्या. "कीड नाई लागत म्हने. म्या म्हनलं, चांगलं असन."

"काकू, तुमाले काय माईत," इकबालभाई म्हणाले.

"वरचं खाल्लं असतं तं गोष्ट येगळी." त्या खाली बसल्या. "म्या त्यायच्या ताटात वाढलं."

सून मागे उभी होती. तिला म्हणता आलं असतं, मी नको म्हणत होते. पुढे होऊन तिनं सासूच्या डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

उभा असलेला तो पट्टकदंब दुपारपर्यंत उभा होता. मग तोही खड्ड्यात गेला. वरून चुना टाकला, माती टाकली, दगड टाकले. पाण्यावर काही पाखरं उरली होती, ती संध्याकाळपूर्वी उडाली. त्यांनी चकरा मारल्या नाहीत.

गहू उगवला. हे सांगायला नको वाटतं, पण खरं आहे. त्या काठावर असा गहू कधी आला नव्हता, असं गाव म्हणायचं. खाणारं कुणी नव्हतं ना. होळीच्या सुमारास पंचफुलाबाईंनी एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी एक पिशवी दिली. मी तो गहू कितीतरी दिवस तसाच ठेवला. मग दळून आणला. टाकून कसा देणार? पोळ्या मऊ झाल्या.

मी कामाची बाई आहे. त्यानंतर जे करायचं ते सगळं केलं. बियांच्या रंगाबद्दल गावागावांत सांगत फिरले, शाळांतून बोलले, जिथे अर्ज करायचे तिथे केले. लोक ऐकून घेत. एक शेतकरी मला फार आदरानं म्हणाला, "ताई, तुमचं पटते. पन हे औषध आमीच श्वासातून घेऊन राह्यलो, तं पाखराचं कुठं घेऊन बसता?" त्याचं चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नव्हतं, हीच त्या सगळ्यातली न सुटणारी गाठ आहे. चूक कुणाची ते सापडलं असतं तर मी तिच्यासमोर एक खूण केली असती आणि पुढच्या कामाला लागले असते. माणसं दु:खाबद्दल लिहितात तेव्हा शेवटी काहीतरी हाती लागल्यासारखं लिहितात. माझ्या हाती एक पातेलं आहे, आणि ते अजून खाली ठेवता आलेलं नाही.

तलाव आहे तिथेच आहे. बाकीची बदकं येतात, शेकाटे येतात, चक्रवाक येतात, थोडे. पट्टकदंब दुसऱ्या तलावांवर उतरतात. दर्यापूरकडून येताना मी त्यांची रेघ पाहिली आहे. इथे नाही. इकबालभाईंचे गुडघे गेले, ते आता अकोल्याहून फोनच करतात.

पंचफुलाबाईंनी वाटा टाकणं सोडलं. पुढच्याच हिवाळ्यात त्या पेरणी झाल्यावर धुऱ्यावर जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आणि पळी घेऊन बसल्या होत्या. पाण्यावरून काहीही काठाकडे वळलं की ताट बडवायच्या. पीक राखताहेत असं मला वाटलं. मग कळलं की स्वतःच्या तुकड्यात त्यांनी घरचंच बी फेकलं होतं, सुनेला उपाशी ठेवून राखलेलं.

"मग हाकलता कशाला?" मी विचारलं.

"माहं साधं हाय. बाजूचं कसं हाय, त्याच्या बाजूचं कसं हाय, मले काय माईत? पाखराले धुरा समजते काय?" त्यांनी पळी उचलली. "त्यायले म्हनलं, येऊच नोका. इथं जेवाले थांबू नोका."

तेव्हापासून दर हिवाळी त्या तिथे असतात. मी बांधावर दुर्बीण घेऊन बसते आणि त्या काठावर ताट घेऊन. मी वाट पाहते ते येण्याची, त्या वाट पाहतात ते आले तर हाकलण्याची. आमची मैत्री त्यानं तुटली नाही. चहा होतो.

परवाच्या रविवारी गेले. थंडी बरी होती. यजमान सतरंजीवर आडवे. पंचफुलाबाई आता वाकल्या आहेत, उजवा खांदा धरून बसतात. सून मजुरीला गेलेली. आम्ही शेंगदाणे खात होतो. आणि वरून तो आवाज आला.

मला आधी वाटलं, मनातलाच आहे. पंचफुलाबाईंनी मान वर केली तेव्हा कळलं की नाही. रेघ उत्तरेकडून येत होती, वाकडी, लांब. जवळ आली. पाखरं झाली. दुर्बीण डोळ्यांना लावली तर डोक्यावरच्या पट्ट्या दिसल्या, दोन-दोन, स्वच्छ. काचा मी सकाळीच साडीच्या तुकड्यानं पुसल्या होत्या. त्यांनी एक चक्कर मारली. माणसं पाहिली, हलत नाहीत असं दिसलं. दुसरी चक्कर खालून मारली, पंखांचा आवाज येईल इतक्या खालून. बाजूच्या तुकड्यात कालच बी फेकलेलं. उन्हात ते गुलाबी दिसत होतं.

पंचफुलाबाईंनी ताट वाजवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात अर्ध्यावरूनच खाली आला.

"घ्या वो ताई," त्या म्हणाल्या. "माहा हात नाई चालत."

पाखरांनी पाय पुढे काढले होते.

मी दुर्बीण सोडली, ती गळ्यात लोंबकळली. ताट घेतलं, उभी राहिले, आणि बडवलं. ओरडले सुद्धा. काय ओरडले ते आठवत नाही. पुढची पाखरं हवेतच थबकली, पंख जोरात मारून वर उचलली गेली, मागची त्यांच्या मागे. थवा फुटला, पुन्हा जुळला. माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा मी वर पाहत होते आणि हात चालूच होता.

"गेले काय?" पंचफुलाबाईंनी विचारलं. त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही.

थवा पाणी ओलांडून गेला आणि पलीकडच्या काठावर उतरला, एकेक करून, घाई न करता. तिकडेही पेरलेलं होतं. तिकडे कुणी नव्हतं, आणि चालत जायचं तर सगळ्या तलावाला वळसा.

"गेले," मी म्हटलं.

ताटाचा आवाज तिथवर पोचत नव्हता. मी वाजवत राहिले.